छाती दाबताना हात थांबू नयेत

माणूस अचानक कोसळला की कोणी तोंडावर पाणी मारतं, कोणी कांदा हुंगवतं, आणि मोलाची मिनिटं त्यातच जातात. त्याऐवजी खांदे हलवून मोठ्याने हाक मारा आणि छाती वर-खाली होते का, हे जास्तीत जास्त 10 सेकंद पाहा. अधूनमधून घोरल्यासारखा आचका येत असेल तर तो श्वास धरू नका. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. नाडी शोधत बसू नका, घाबरलेल्या बोटांना स्वतःचेच ठोके लागतात. हाकेला ओ नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर हृदय थांबलं असं समजून छाती दाबायची. आधी 108 ला फोन लावून स्पीकरवर ठेवा. एईडी, म्हणजे हृदयाचे ठोके तपासून गरज असेल तर विजेचा शॉक देणारी मशीन, आणायला गर्दीतल्या एकाकडे बोट दाखवून सांगा. ‘कोणीतरी आणा’ म्हटलं तर कोणीच हलत नाही.

रुग्ण गादीवर असेल तर खाली जमिनीवर घ्या, नाहीतर छातीऐवजी गादीच दबते. छातीच्या मधोमध असलेल्या उभ्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवा, पण हाडाच्या अगदी टोकावर नको. त्यावर दुसरा हात ठेवा. कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर, आणि जोर कमरेतून. मोठ्या माणसाची छाती किमान 5 सेंटीमीटर दबली पाहिजे, 6 च्या पुढे नको. वेग मिनिटाला 100 ते 120. ‘एकोणतीस’सारखे लांब आकडे ताल बिघडवतात, म्हणून एक ते दहा तीनदा मोजा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, कारण हृदयात रक्त तेव्हाच भरतं. दमलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो, म्हणून दर 2 मिनिटांनी माणूस बदला. बरगडी कडकन वाजली तर हातांची जागा तपासा आणि दाबत राहा.

तोंडाने श्वास द्यायला शिकलेल्यांनी 30 दाबांनंतर 2 श्वास द्यावेत. न शिकलेल्यांनी नुसतं दाबत राहावं. बुडालेल्या माणसाला आणि लहान मुलाला मात्र श्वासाची गरज जास्त असते.

एईडी आली की आधी चालू करा, पुढचं ती बोलून सांगते. ब्लाउज, बनियन कापून काढा, घाम पुसून छाती कोरडी करा, मंगळसूत्र बाजूला सारा. मशीनचा एक चिकट पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या बगलेखाली. वेदनाशामक पट्टी चिकटवलेली असेल तर ती काढा. त्वचेखाली पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्यावर नको, बाजूला लावा. पॅड लावत असताना दुसऱ्याने दाबणं चालूच ठेवावं. मशीन तपासायला लागली की हात उचला. शॉक द्यायचा असेल तर कोणी रुग्णाला शिवलेलं नाही हे पाहून बटण दाबा आणि क्षणाचाही वेळ न घालवता पुन्हा दाबायला लागा. ‘शॉकची गरज नाही’ याचा अर्थ माणूस वाचला असा नव्हे. तो नीट श्वास घेईपर्यंत किंवा रुग्णवाहिकेतले लोक ताबा घेईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीवर आला तरी पॅड काढू नका.

8 वर्षांखालच्या मुलाला लहान मुलांचे पॅड लावा. नसतील तर मोठ्यांचेच, एक छातीवर आणि एक पाठीवर, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत.

हे वाचून हात तयार होत नाहीत. सीपीआरच्या (छाती दाबण्याच्या) सरावासाठीच्या पुतळ्यावर घड्याळ लावून सलग 2 मिनिटं दाबा, दम कुठे लागतो ते तिथेच कळतं. सोसायटीत एईडी असेल तर चालू स्थितीचा दिवा आणि पॅडची मुदत महिन्यातून एकदा पाहा, पॅडवरचं जेल सुकलं की पॅड चिकटत नाही. कात्री, छातीवरच्या दाट केसांसाठी वस्तरा आणि फडकं मशीनसोबतच ठेवा. आणि मशीन सेक्रेटरींच्या कुलूपबंद कपाटात ठेवली असेल, तर ती नसल्यातच जमा.