पावसाळ्यात जी बी आर-१ रंगवताना

१९३२ साली अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटलने थॉम्प्सन ट्रॉफी ही विमानांची शर्यत जिंकली ते हे पिंपासारखं आखूड, लाल-पांढरं विमान, जी बी आर-१. आपण रंगवतोय ते त्याचं छोटं मॉडेल. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा २५ फूट, म्हणजे १:४८ मापात साधारण १५९ मिलिमीटर.

खरी डोकेदुखी रंगाची. बेळगाव भागात, खानापूर-जांबोटीकडे भर पावसाच्या जुलैत लॅकर (थिनरमध्ये पातळ करून फवारायचा, झटपट वाळणारा रंग) मारलात की लाल रंगावर दुधी झाक येते. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल रंगात अडकते. निपाणी-चिकोडीकडे पाऊस कमी, तरी झडीच्या दिवसांत तिथंही हेच. म्हणून पाऊस उघडलेली दुपार निवडा, फवाऱ्याला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप लावा आणि थिनरमध्ये ५ ते १० टक्के रिटार्डर, म्हणजे वाळणं लांबवणारं द्रव, घाला. झाक आलीच तर घासत बसू नका. पूर्ण वाळल्यावर रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा एक हलका हात फिरवा, बहुतेक वेळा ती निघते.

आधी पांढरा, मग लाल. उलट केलंत तर लाल रंग पांढऱ्यातून गुलाबी डोकावतो. पांढरा किमान २४ तास वाळू द्या. दमट हवेत ४८. वक्र नक्षीसाठी साधी मास्किंग टेप वळणावर सुरकुतते, तिथं २ मिलिमीटरची लवचीक टेपच हवी. टेपच्या कडेवर आधी पांढऱ्याचाच पातळ हात मारा, फट असेल तर ती पांढऱ्यानेच बुजते. मग लालचे तीन-चार पातळ हात. टेप मात्र लाल कडक होण्याआधी, उलटी दुमडून काढा.