स्टँड मिक्सरवर केक करताय? मग बंद कधी करायचा ते आधी बघा

स्टँड मिक्सर घरात आला की वाटतं आता केक आपोआप हलके होणार, पण खूप जणांचा केक उलट दडस होतो. कारण बहुतेक वेळा एकच, जिथे मशीन भरपूर चालवायला हवं तिथे घाईघाईत आटपतात आणि जिथे थांबायला हवं तिथे ते गरगरतच राहतं.

आधी अटॅचमेंटचं बघू. बटर आणि साखर फेटायला ते चपटं पॅडल लावायचं, तारांचं व्हिस्क नाही. व्हिस्कमध्ये घट्ट बटर अडकून बसतं आणि तारांवर नको तेवढा ताण येतो. व्हिस्क अंड्यांसाठी आणि क्रीमसाठी. हुक ब्रेडच्या कणकेसाठी असतो, केकच्या वेळी तो ड्रॉवरमध्येच राहू दे.

आता खरं काम, म्हणजे बटर आणि साखर. साखरेचे कण बटरमध्ये घुसताना बारीक बारीक हवेचे बुडबुडे तयार करतात आणि बेकिंग पावडर नंतर तेच बुडबुडे मोठे करते, नवीन काही ती बनवत नाही, त्यामुळे इथे हवा कमी भरली तर पुढे बेकिंग पावडर कितीही घाला, फारसा उपयोग नाही. म्हणून बटर १८ ते २० डिग्रीचं हवं. थर्मामीटर नसेल तर बोटाने दाबा, खळगा पडला पाहिजे पण बोट सरळ आत जायला नको आणि बटर चकचकीत तेलकट दिसायला नको. फिरता फिरता घर्षणाने बटर अजून गरम होतं, त्यामुळे सुरुवातीला थोडं थंड असलेलं परवडतं, वितळलेलं नाही. हवा गरम असेल तर बाउल आधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. साखर बारीक दाण्याची घ्या, पिठीसाखर नको, तिचे कण इतके बारीक असतात की हवा नीट धरली जात नाही.

मीडियम स्पीडवर तीन ते पाच मिनिटं. फुल स्पीडवर लवकर होईल असं वाटतं पण त्याने बटर तापतं आणि भरलेली हवा निघून जाते. रंग पिवळ्याचा फिकट झाला, मिश्रण फुगलं की झालं. साखर पूर्ण विरघळायची वाट बघू नका, बटरमध्ये ती विरघळत नाहीच, थोडं रवाळ लागणारच. मध्ये दोनदा तरी मशीन बंद करून स्पॅच्युलाने कडा आणि मुख्य म्हणजे तळ खरवडून घ्या. तळाशी पॅडल पोचत नाही आणि तिथलं बटर तसंच राहून केकमध्ये चिकट पट्टा येतो. पॅडल बाउलच्या तळापासून फारच वर वाटत असेल तर बऱ्याच मशीनमध्ये उंची ॲडजस्ट करायचा स्क्रू असतो, मॅन्युअल बघून तो थोडा फिरवा. आणि अर्ध्या मापाचा छोटा केक असेल तर मोठा बाउल वापरूच नका, पॅडलला काही लागतच नाही, त्यापेक्षा हँड मिक्सर बरा.

अंडी फ्रीजमधून काढून लगेच घालू नका. थंड अंड्याने बटर आखडतं आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. एकेक घाला, आधीचं नीट मिसळलं की मगच पुढचं. तरी फाटलंच तर चमचाभर मैदा टाका, बहुतेकदा सावरतं.

मैदा आला की मशीनचा वेग एकदम खाली, सगळ्यात कमी नंबर. मैदा तीन वेळा आणि दूध दोन वेळा असं आलटून पालटून, सुरुवात आणि शेवट मैद्याने. ओल्या मैद्याला जितकं ढवळाल तितकं ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं ताणलं जाणारं चिवट प्रोटीन, वाढतं आणि केक चिवट होतो, आत लांबट बोगदे पडतात. मैद्याच्या एक दोन रेघा दिसत असतानाच मी मशीन बंद करते, उरलेलं स्पॅच्युलाने हाताने मिसळते. एवढं महागडं मशीन असताना हाताने का, असं विचारतात लोक. पण मोटर कितीही भारी असली तरी ती थांबवायची कधी हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

बटर नसलेला, तेलाचा केक असेल तर मशीनची गरजच नाही, साध्या व्हिस्कने दोन मिनिटांत होतो. स्पंज, म्हणजे फेटलेल्या अंड्यांवर फुगणारा केक, मात्र मशीनशिवाय करायचा म्हणजे हात दुखून येतात. अंडी आणि साखर गरम पाण्याच्या भांड्यावर धरून ४० डिग्रीच्या आसपास गरम करा, मग व्हिस्क लावून हाय स्पीडवर, व्हिस्क वर उचललं की पडणारी धार वरती काही क्षण रेघेसारखी टिकली पाहिजे. शेवटचं मिनिट स्पीड कमी करा म्हणजे मोठे बुडबुडे मोडून एकसारखे होतात. मैदा नंतर चाळून, हातानेच.

ओव्हन मिक्सिंग सुरू करायच्या आधीच १७० ते १८० डिग्रीवर लावा, कारण बेकिंग पावडर ओली झाली की कामाला लागते आणि भरलेला टिन ओट्यावर वाट बघत बसला तर तेवढा गॅस वाया. टूथपिक कोरडी किंवा एखाददुसरा कण लागून आली की बाहेर काढा, दहा मिनिटं टिनमध्येच ठेवा आणि मग जाळीवर उलटा, क्रीम मात्र पूर्ण गार झाल्यावरच.