घरासाठी जुना पिकअप घेताय? मग बोनेट सगळ्यात शेवटी उघडा

जुना, म्हणजे साधारण १९५० ते ८० च्या दशकातला, बहुतेक करून अमेरिकन पिकअप बघायला गेलं की सगळे आधी बोनेट उघडतात, इंजिन चालू करून आवाज ऐकतात, माना डोलावतात आणि अर्धा सौदा तिथेच झालेला असतो. रविवारी हौसेने एक चक्कर मारायला घेत असाल तर चालेल हो. पण रोज पोरांना शाळेत सोडायचं, सामान आणायचं, सगळ्यांनी मिळून कुठे जायचं यासाठी घेताय तर क्रम उलटा करा, आधी केबिन मग बेल्ट मग ब्रेक मग गंज आणि इंजिन एकदम शेवटी. त्या काळच्या पिकअपचं इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, अगदीच गेलं तर काढून दुसरं बसवता येतं, पण तीन जणांच्या केबिनमध्ये पाच जण कुठलाच मिस्त्री बसवून देणार नाही.

तर पहिलं काम म्हणजे घरातली डोकी मोजा. सिंगल केबिनला एक सलग लांब सीट असते आणि कागदावर तिघं बसतात. आता मधल्याची अवस्था बघा. गिअर खाली फ्लोअरवर असेल तर तो लांब दांडा बरोबर त्याच्या गुडघ्यांमध्ये येतो, दुसरा गिअर टाकायचा म्हटलं की आधी त्याने पाय आवरायचे मग ड्रायव्हरने गिअर टाकायचा, आणि पायाखाली गिअरबॉक्सचा उंचवटा असतो तो इंजिन तापलं की गरम होतो. म्हणून सिंगल केबिनच घ्यायची असेल तर गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर असलेली बघा, तशी ऑटोमॅटिक मिळाली तर अजून चांगलं. दोघं आणि एक मोठं मूल एवढंच घर असेल तर निभतं. चौथं माणूस आलं की सिंगल केबिनचा विषय संपला, कारण मागच्या हौद्यात कोणालाही बसवायचं नाही, जवळच जायचंय म्हणूनसुद्धा नाही.

मग उरतात मागे सीट असलेले ट्रक. चार दरवाजांची क्रू कॅब नवीन भानगड आहे असं वाटतं पण इंटरनॅशनल हार्वेस्टरने ट्रॅव्हलेट १९५७ मध्येच आणली होती (तेव्हा तिला तीनच दरवाजे होते), फोक्सवॅगनची डबल केबिन १९५८ ची, डॉजची १९६३, फोर्डची १९६५ आणि शेव्हरोलेची १९७३. फक्त एक गोम आहे. फोर्ड, शेव्हरोले, डॉजच्या त्या काळच्या क्रू कॅब पाऊण टन आणि एक टन माल वाहायच्या वर्गातच यायच्या, म्हणजे मागचे पाटे जड माल वाहायला केलेले, आणि हौदा रिकामा असला की प्रत्येक खड्डा थेट कंबरेत. शिवाय लांब हौद्याची क्रू कॅब २० फुटांच्या पुढे जाते, त्यामुळे गाडी ठरवण्याआधी टेप घेऊन पार्किंगची जागा मोजा. इंटरनॅशनलने पिकअप बनवणं १९७५ मध्ये बंद केलं, त्यामुळे दिसायला कितीही गोड असली तरी पार्ट शोधायची चिकाटी नसेल तर तिच्या नादी लागू नका.

या दोन्हींच्या मधली म्हणजे एक्स्टेंडेड कॅब, दोनच दरवाजे आणि मागे थोडी जास्तीची जागा. डॉजची क्लब कॅब १९७३ ला आली, फोर्डची सुपरकॅब १९७४ ला. इथे मागची सीट कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघायचं. बऱ्याच गाड्यांमध्ये भिंतीला लावलेल्या दोन छोट्या आडव्या सीट असतात, बसणारे एकमेकांकडे तोंड करून बसतात. पोरांना तिथे बसायला भारी मजा येते पण अशा आडव्या सीटवर चाइल्ड सीट लावता येत नाही, विषय संपला. सुपरकॅबमध्ये पुढे तोंड असलेली सलग मागची सीटही मिळायची, तीच शोधा.

आता बेल्ट. तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट व्होल्वोने १९५९ मध्येच आणला होता पण पिकअपपर्यंत तो पोचायला फार वेळ लागला, त्यामुळे बऱ्याच जुन्या ट्रकमध्ये नुसता कमरेचा बेल्ट असतो, आणि त्याहून जुन्यांमध्ये तोही नाही. मूल बूस्टरवर (मुलाला उंच बसवणारी छोटी सीट) बसण्याएवढं असेल तर खांद्यावरून येणारा बेल्ट हवाच, बूस्टर आणि नुसता कमरेचा बेल्ट ही जोडी कधीच चालत नाही. लहान बाळाच्या काही सीट कमरेच्या बेल्टवर घट्ट बसतात, काही नाही बसत, ते त्या सीटच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, गाडी घ्यायच्या आधी वाचा आणि शक्यतो सीट सोबत घेऊन जाऊन लावूनच बघा. खांद्याचा बेल्ट नंतर बसवता येतो पण बोल्ट नुसत्या पत्र्यात मारून भागत नाही, जोरात झटका बसला की पत्र्यासकट बाहेर येईल. दरवाजाच्या खांबात किंवा फ्लोअरखाली जाड लोखंडी प्लेट आणि त्यात ७/१६ इंची बेल्टचा खास बोल्ट, असं काम करणाराच माणूस गाठा. आणि हो, सिंगल केबिनमध्ये डोक्यामागे हेडरेस्ट नसतो, लगेच काच असते. मागून कोणी ठोकलं तर डोकं तिथेच आपटणार, त्यामुळे हेडरेस्टवाली सीट बसवायचा खर्चही हिशोबात धरा.

पेट्रोलची टाकी कुठे आहे हे बहुतेक जण विचारतच नाहीत. १९६० च्या दशकातल्या फोर्ड आणि शेव्हरोले पिकअपमध्ये ती केबिनमध्येच सीटच्या मागे असायची, म्हणजे तुमची पाठ, मग गादी, मग पेट्रोल. केबिनमध्ये पेट्रोलचा वास आला तर गाडी जुनी आहे म्हणून येणारच असं विकणारा म्हणेल, ऐकू नका, कुठेतरी पाइप नाहीतर टाकीचा जोड गळतोय. ही टाकी काढून मागे हौद्याखाली दुसरी बसवता येते आणि घरच्या गाडीसाठी हे काम मी तरी पहिल्या महिन्यातच करून घेईन. १९७३ ते ८७ च्या शेव्हरोलेमध्ये टाकी केबिनच्या बाहेर गेली खरी पण ती चासीच्या बीमच्याही बाहेर, गाडीच्या कडेला, आणि बाजूने धडक बसल्यावर लागणाऱ्या आगींवरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या.

ब्रेकचं सोप्पं आहे. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो) एकाच कप्प्याचा असेल तर एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. अमेरिकन पिकअपमध्ये १९६७ च्या सुमारास दोन कप्प्यांचा आला, त्याआधीची गाडी असेल तर तो बदलून घ्यायचा म्हणजे घ्यायचाच. पुढे डिस्क असेल तर उत्तम, शेव्हरोलेच्या हलक्या पिकअपला ती १९७१ पासून कंपनीतूनच यायची. चारही ड्रम असतील तर पाण्यातून गेल्यावर ब्रेक उशिरा लागतो, आणि जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं म्हणून ड्रम उघडून एअर मारून धूळ उडवू नका, पोरं आसपास असतील तर अजिबात नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, सो घासकामाचंही तेच.

गंज बघायला एक छोटं लोहचुंबक आणि टॉर्च बस. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांवर, दरवाजाखालच्या पट्टीवर, चाकाच्या कमानीवर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, नुसतं पुटिंग आहे. मॅट उचलून फ्लोअर बघा. मग गाडीखाली झोपा आणि केबिन चासीवर जिथे टेकते ते माउंट बघा आणि चासीवर पाटे जिथे लागतात तिथे हातोडीने हलके ठोका, टणटण आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला आणि खपल्या पडल्या तर रंग कितीही चकाचक असू दे, नमस्कार करून निघा. हौद्याचा पत्रा सडलेला मात्र चालतो, तो बदलता येतो.

आता उघडा बोनेट. जायच्या आधी मालकाला सांगा की इंजिन गार ठेवा, आणि पोचल्यावर आधी हात लावून बघा, गरम असेल तर गार इंजिन चालू व्हायला कुरकुर करतं हे लपवायचा डाव असू शकतो. सहा सिलिंडर एका ओळीत असलेली इंजिनं घराला बरी, फोर्डचं ३०० क्युबिक इंचाचं (म्हणजे ४.९ लिटर) १९६५ पासून १९९६ पर्यंत बनत होतं, डॉजचं २२५ चं तिरकं सिक्सही तसंच दणकट. व्ही ८ चा (आठ सिलिंडरच्या इंजिनाचा) आवाज लाजवाब पण लिटरला ४ ते ६ किलोमीटर अशी तयारी ठेवा, सिक्सही फार काही वाचवत नाही म्हणा. १९७० च्या आधीची बरीच इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर चालायची, ते आता कुठेच मिळत नाही, त्यामुळे हेड कधी उघडलं तर व्हॉल्व्हच्या कडक सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्या) बसवून घ्या. इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात, ते घेतल्या घेतल्या सगळे बदला.

सायलेन्सर आणि त्याचे जोड मात्र बारकाईने बघा. फ्लोअरला भोक आणि खाली गळका पाइप असला की धूर केबिनमध्ये येतो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास येतो, आणि मागे झोपलेल्या पोराला काय होतंय हे कळतही नाही. बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म मिळतो तो केबिनमध्ये लावून टाका.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, सगळं घर घेऊन जा, जो जिथे रोज बसणार तिथेच बसवा. चढ, खड्डे, मोठा रस्ता, आणि रिव्हर्स घेऊन पार्क करणं, पॉवर स्टीअरिंग नसलेला ट्रक उभ्या उभ्या वळवताना खांदे भरून येतात, त्यामुळे घरात जे जे चालवणार त्या सगळ्यांनी तो स्वतः वळवून बघा. वायपर आणि हीटर चालू करा, दरवाजे खडखडीत रस्त्यावर आपोआप उघडत नाहीत ना बघा. मग पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, खटखट करत असेल तर किंग पिन नाहीतर बॉल जॉइंट (ज्यावर पुढचं चाक वळतं तो सांधा) गेलाय, तेवढे पैसे भावात कमी करून मागा.