उशिरा लागणारी झोप अलीकडे कशी आणावी

रात्री दोनपर्यंत झोप लागत नाही आणि सकाळी नऊच्या आधी डोळे उघडत नाहीत, अशा माणसाला घरात सहसा आळशी ठरवले जाते, आणि तो त्याच्यावर अन्याय आहे. झोपेची वेळ सांभाळणारे जैविक घड्याळ मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये, सुमारे २०,००० चेतापेशींच्या एका लहानशा जोडपुंजक्यात असते. बहुतेकांचे हे घड्याळ २४ तासांहून किंचित सावकाश चालते, पौगंडावस्थेत त्याची वेळ आणखी पुढे सरकते, आणि म्हणून ते रोज प्रकाशाने जुळवून घ्यावे लागते.

सुरुवात झोपण्यापासून नव्हे, तर उठण्यापासून करावी. नेहमीच्या वेळेपेक्षा पंधरा-वीस मिनिटे आधी उठून लगेच गच्चीवर किंवा अंगणात अर्धा तास घालवावा. सूर्याकडे टक लावून पाहू नये. आभाळ भरून आलेले असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कित्येक पट असतो, आणि दृष्टिपटलातील मेलॅनॉप्सिन हे प्रकाश टिपणारे द्रव्य असलेल्या पेशी तो थेट त्या पुंजक्याला कळवतात. दोन-तीन दिवस ही वेळ अंगवळणी पडली की पुन्हा तेवढेच अलीकडे यावे.

एकदम मोठी उडी मात्र घेऊ नये. शरीराचे तापमान नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी सर्वांत कमी असते. त्याआधीच्या काही तासांत मिळालेला प्रखर प्रकाश झोपेची वेळ अलीकडे आणण्याऐवजी आणखी उशिरा ढकलतो. त्यामुळे नऊला उठणारा विद्यार्थी निश्चयाने पहाटे चारला उठून प्रखर दिव्याखाली अभ्यासाला बसला, तर त्याची झोप अधिकच लांबण्याचा धोका असतो. इतका प्रामाणिक प्रयत्न केवळ चुकीच्या वेळेमुळे वाया जावा, हे फार वाईट.

संध्याकाळी याच्या उलट वागावे. झोपेच्या दोन तास आधी मोठे दिवे मालवून मंद पिवळा दिवा लावावा, कारण प्रखर उजेडात मेंदूतील पीनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे रात्र झाल्याचे शरीराला कळवणारे संप्रेरक स्रवणे लांबते. चहा-कॉफी दुपारनंतर टाळावी. कॅफिन अर्धे उतरायलाच साधारण पाच तास लागतात आणि तोवर झोपेची ओढ निर्माण करणाऱ्या अ‍ॅडेनोसिनचा मार्ग ते अडवून ठेवते.

रविवारीही उठण्याची वेळ मोडू नये. द्विध्रुवीय (बायपोलर) विकाराचे उपचार चालू असतील, तर झोपेच्या वेळेत किंवा प्रकाशात कोणताही बदल मनोविकारतज्ज्ञांना विचारूनच करावा, कारण अपुऱ्या झोपेने उन्मादाची अवस्था उफाळू शकते.