अळूच्या पानावरचा थेंब : विज्ञान आणि चित्रकलेचा अ‍ॅनिमेशन प्रकल्प

निसर्गातील रचनेवरून माणसाने काय घडवले हे दाखवणारे अ‍ॅनिमेशन करायचे ठरले, की वर्गात सहसा एक गट माहिती लिहितो आणि दुसरा चित्रे काढतो. त्यातून तयार होते ते निव्वळ सचित्र भाषण. त्याऐवजी ज्याने निरीक्षण केले त्यानेच चित्र काढावे, आणि त्यासाठी विषय हाताशी असलेला निवडावा. ठाण्याच्या पावसाळ्यात अळूचे पान घ्यावे. जांभळी नाक्याच्या बाजारातील जुडी वड्यांना उत्तम, पण हाताळणीने पानांवरचा मेणाचा थर पुसला गेलेला असू शकतो. म्हणून कुंडीतले ताजे पान बरे. (देठाचा चीक खाजरा असतो, हातमोजे घालावेत.)

पानाचा अर्धा भाग अंगठ्याने चोळावा, उरलेला तसाच ठेवून त्यावर खडूची पूड भुरभुरावी. दोन्हीकडे ड्रॉपरने पाणी सोडून मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमच्या वेगाने चित्रण करावे; सेकंदाला २४ फ्रेमने ते दहापट मंद दिसते. न चोळलेल्या भागावर थेंब चपटा होतो, उसळतो आणि पूड गोळा करत घरंगळतो. चोळलेल्या भागावर तो पसरून चिकटतो. एकाआड एक फ्रेम गिरवली तरी हालचाल नीट उतरते. मात्र थेंबाची रुंदी वाढवली की उंची कमी केलीच पाहिजे, कारण पाण्याचे घनफळ बदलत नाही. हे विसरले की थेंब फुगणारा फुगा वाटू लागतो.

अवघड जागा पुढे आहे. पानावरचे मेणाच्छादित उंचवटे मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढे असतात आणि त्यांच्या फटींतील हवेवर थेंब तोलून राहतो. उंचवटा १ सेंटिमीटरचा काढला, तर २ मिलिमीटरचा थेंब निदान १ मीटरचा काढावा लागेल! म्हणून दोन्ही एका चौकटीत न कोंबता कॅमेरा टप्प्याटप्प्याने जवळ न्यावा आणि जवळच्या दृश्यात थेंबाची फक्त खालची कड दाखवावी.

कमळाच्या पानातील पाणी आणि धूळ झटकण्याचा हाच गुण विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली उलगडून दाखवला आणि त्यावर आधारित भिंतीचा रंग १९९९ मध्ये बाजारात आला. त्यामुळे पानानंतर पावसात भिजणारी इमारतीची भिंत दाखवता येते. तेथे थेंबाची हालचाल तीच ठेवावी, फक्त रंगसंगती बदलावी. चोळलेल्या पानाचे दृश्यही वगळू नये, कारण पृष्ठभाग झिजला की गुण जातो हे त्यातूनच कळते. मंद गती किती पट आणि मोठे करून दाखवले किती पट, हे आकडे त्या त्या दृश्याच्या कोपऱ्यात लिहावेत.