नेपल्सला पिझ्झा खाताय? मग हे वाचा

पहिल्यांदा जाताय तर सरळ मार्गेरिटा मागवा, आणि चीज नकोच असेल तर मारिनारा, त्यात फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो नि ऑलिव्ह तेल, म्हणजे शाकाहारींचं टेन्शनच गेलं. पेपरोनी (आपल्याकडे पिझ्झावर मिळणारं मसालेदार सॉसेज) मात्र मागू नका हं, इटालियनमधे त्याचा अर्थ ढोबळी मिरची 😄 लाकडाच्या भट्टीत जवळपास ४८५ डिग्रीला ६० ते ९० सेकंदात भाजतात म्हणून कडेला काळे डाग येतात न मधे ओला राहतो, तो कच्चा नसतो, परत पाठवू नका. प्रत्येकाला अख्खा पिझ्झा येतो, न कापलेला, सुरीकाट्याने खा नाहीतर दोनदा दुमडून चौपदरी करून हातात घ्या. फोटोत वेळ घालवलात तर चामट होतो. बिलात कोपेर्तो दिसेल, तो माणशी टेबलचार्ज, भांडू नका.