केमोथेरपीच्या काळातील घरची शुश्रूषा आणि नोंदवही

केमोथेरपी, म्हणजे कर्करोगावरचे औषधोपचार, घेणाऱ्या माणसाची घरी काळजी घेण्याची जबाबदारी ज्याच्यावर येते, त्याने पहिल्याच दिवशी एक साधी वही आणि एक डिजिटल थर्मामीटर रुग्णाच्या खोलीत ठेवावा. औषध रुग्णालयात दिले जात असले, तरी औषधाच्या दोन फेऱ्यांमधले बहुतेक दिवस रुग्ण घरीच काढतो, आणि त्या दिवसांत काय काय झाले हे पुढच्या भेटीत थकलेल्या रुग्णाला नीट आठवत नाही. म्हणून दिलेले औषध व त्याची वेळ, ताप, उलट्या, शौच, खाणेपिणे आणि वेदना यांची नोंद त्या त्या वेळीच करावी. रुग्णालयाचा रात्री लागणारा फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

सर्वांत जास्त दक्षता तापाबाबत हवी. केमोथेरपीची अनेक औषधे कर्करोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेतील (हाडांच्या आतल्या, रक्त तयार करणाऱ्या मगजातील) वेगाने वाढणाऱ्या पेशींनाही मारतात. त्यामुळे संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि औषध दिल्यानंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या सुमारास त्या अगदी तळाला जातात. या दिवसांत संसर्ग झाला, तर पू किंवा सूज ही नेहमीची लक्षणे दिसतीलच असे नाही. पुष्कळदा ताप हीच एकमेव खूण असते. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक ताप आला, अथवा थंडी वाजून अंग थरथरू लागले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयाशी संपर्क साधावा. डॉक्टरांना विचारण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये, कारण त्याने ताप उतरतो पण संसर्ग तसाच राहतो. मध्यरात्री डॉक्टरांना त्रास कशाला द्यायचा, हा संकोच मी अनेक घरांत पाहिला आहे. तो कृपया बाजूला ठेवावा.

तोंड आले असेल, तर मऊ ब्रश वापरावा आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळावा. औषध दिल्यानंतर साधारण ४८ तास रुग्णाची उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे घालावेत. रुग्णाजवळ बसणे, त्याचा हात धरणे यात मात्र कोणताही धोका नाही.

वेदनेविषयी रुग्ण हमखास कमी बोलतो. घरच्यांना काळजी नको म्हणून तो "बरं आहे" एवढेच सांगतो, त्यामुळे "दुखतंय का?" असे न विचारता "शून्य म्हणजे मुळीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, तर आत्ता किती?" असे विचारावे आणि तो आकडा वेळेसह लिहावा. सतत दुखत असेल, तर वेदनाशामक ठरलेल्या वेळी द्यायचे असते; वेदना वाढेपर्यंत थांबले, तर ती आटोक्यात आणायला अधिक औषध लागते. मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाचे नाव ऐकताच घरातले लोक व्यसनाच्या भीतीने मागे हटतात. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची शक्यता कमी असते, आणि त्या भीतीपोटी एखाद्याला तळमळत ठेवणे मला अन्यायाचे वाटते. मॉर्फिनने बद्धकोष्ठता मात्र बहुतेकांना होते, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचे औषध मागून घ्यावे.

नातेवाईक सुचवतात ते काढे आणि चूर्णे परस्पर देऊ नयेत, कारण काही वनस्पतींमुळे केमोथेरपीच्या औषधांचा परिणाम कमी-जास्त होतो. त्यांची नावे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावीत. जेवणाचा आग्रहही बेताचाच असावा. चव गेलेली असताना भरलेले ताट पाहूनच मळमळ वाढते, तेव्हा थोडे थोडे, पुन्हा पुन्हा द्यावे.

शुश्रूषा करणाऱ्याची झोप हादेखील उपचारांचाच भाग समजावा, कारण जागरणाने औषधांच्या वेळा चुकू लागतात. "काही लागलं तर सांगा" असे म्हणणाऱ्या नातेवाइकाला त्याच वेळी नेमका वार आणि नेमके काम सांगावे: गुरुवारी रात्री इथे झोपायला या, किंवा रक्ततपासणीचा अहवाल घेऊन या. त्या रात्रीपुरती वही त्याच्या हाती द्यावी, तापाचा आकडा आणि फोन नंबर दाखवावा, आणि आपण दुसऱ्या खोलीत जाऊन झोपावे.